तळटीप १७ : बेकारभत्ता

१७. बेकारभत्ता : लेखकाने म्हटलेला ‘दिवसाचा रुपया’ तो हाच. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ (अंमल २६ जानेवारी १९७९) अन्वये ग्रामीण भागातील १८ वर्षांवरील कोणीही अंगमेहनतीचे काम मागू शकत असे. मागणीपासून १५ दिवसांत काम न दिल्यास रोज किमान १ रुपया भत्ता देणे सरकारवर बंधनकारक होते. भातकापणी उरकली की पनवेल तालुक्यातील (तेव्हा कुलाबा जिल्हा, १९८१ पासून रायगड) वाड्यांवर हाताला काम नसे. प्रकरणातील खेपा त्या दिवसांतल्या. अर्जाच्या पोचेवर तारीख हवी, कारण १५ दिवस मोजायचे तिथूनच. पोचेसाठीचा पात्राचा हट्ट म्हणूनच अडाणीपणाचा नव्हे, चांगला शहाणपणाचा आहे. योजनेची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, पैसा मुख्यतः शहरी पगारदारांच्या व्यवसाय करातून (१९७५ पासून) येई. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने भत्ता पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, पुढे किमान निम्मा ठरवला. कारखान्यातील विमाधारक कामगाराची नोकरी गेल्यास मिळणारी रक्कम वेगळी. ती कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या २०१८ च्या अटल योजनेतली, जास्तीत जास्त ९० दिवसांची. पुढे पृ. २१२ वर भावाला मिळते ती ही. वाचकाने दोहोंची गल्लत करू नये.