पिकायची वाट

चाळिशी या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ. एक वय आणि दुसरा चष्मा. वयाचंच नाव चष्म्याला पडलं, कारण चाळीस ओलांडली की जवळचं दिसेनासं होतं. डोळ्यातलं भिंग कोवळं असतं तोवर जवळ बघताना आपसूक फुगतं, लांब बघताना सपाट होतं. वयाबरोबर ते निबर होतं. मग माणूस पोथी हातभर लांब धरतो आणि बाई सुईत दोरा ओवायला नातवंडाला हाक मारते. आमच्या लहानपणी बाजारच्या दिवशी चष्मेवाला पेटी मांडून बसायचा. डोळे तपासणं नव्हतंच. एकेक चष्मा चढवून बघायचा, अक्षर दिसलं की पैसे मोजायचे.

साठीच्या पुढचं दुखणं वेगळं. तेच भिंग गढूळ होतं, बाहुलीत पांढरा ठिपका दिसतो. म्हणून मोतीबिंदू. त्यावरचा इलाज आपल्याकडं फार जुना. सुईसारख्या हत्यारानं तो सारायची रीत सुश्रुतसंहितेत आहे. पुढं फिरते वैदू हेच करायचे. भिंग बाहेर न काढता डोळ्यातच खाली ढकलायचे. रोग्याला तिथल्या तिथं उजेड दिसायचा, वैदूला दाणे-पैसे मिळायचे. पुष्कळांचा डोळा नंतर सुजून कायमचा जायचा, तोवर वैदू चार गावं पुढं गेलेला असायचा.

भिंग बाहेर काढायची रीत फ्रान्सच्या दाव्हिएल यांनी १७४७ च्या सुमारास सुरू केली. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (१७९८ ते १८३२) यांच्या काळातल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसकट, तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपल्यात. पण राजाच्या वाड्यातून खेड्यात यायला ऑपरेशनला दीडशे वर्षं लागली. कर्नाटकातल्या डॉ. एम. सी. मोदींसारख्यांनी गावोगाव शिबिरं भरवली. १९७६ साली सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला.

आमच्याकडं शिबिर शाळेत भरायचं. डॉक्टर टॉर्च मारून बघायचे आणि म्हणायचे, "अजून पिकला नाही, पुढच्या साली या." त्यांचंही बरोबर होतं. निबर झालेला मोतीबिंदू सबंध निघायचा, आणि काढल्यावर भिंगच उरत नसल्यानं जाड चष्मा लागायचा. थोडंफार दिसत असताना त्यात फायदा नव्हता. शेतकऱ्याला हे पटायचं. पिकल्याबिगर कणीस कोण मोडतं? पण कणसाला चार महिने लागतात, मोतीबिंदूला सालं लागायची. तेवढ्या सालांत माणूस नोटा दुसऱ्याकडून मोजून घ्यायचा आणि न दिसणाऱ्या कागदावर अंगठा द्यायचा.

माझी आजी अशीच तीन सालं थांबली. ऑपरेशननंतर हिरवी पट्टी बांधून उताणं निजायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही. जाड चष्मा आल्यावर आईकडं बघून ती पहिलं म्हणाली, "तुझं केस कधी गं पिकलं?" त्या चष्म्यातून वस्तू साधारण पाव पटीनं मोठी, जवळ आल्यासारखी दिसते. उंबऱ्याला ठेच ठरलेलीच. आणि चष्मा फुटला की पुन्हा अंधार.

हे बदललं डोळ्यात बसणाऱ्या भिंगामुळं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यात घुसलेले विमानाच्या प्लॅस्टिक काचेचे कण डोळा सोसतो, हे लंडनच्या रिडली यांनी हेरलं आणि १९४९ साली तसलंच भिंग डोळ्यात बसवलं. १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये ती भिंगं स्वस्तात बनू लागली. १९९४ ला जागतिक बँकेच्या मदतीची मोतीबिंदू योजना ज्या सात राज्यांत आली, त्यांत महाराष्ट्र होता. आता माणूस त्याच दिवशी घरी येतो.

आता डॉक्टर पिकायची वाट बघू नका म्हणतात. फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. पण गावातली जुनी सवय मोडत नाही. सुगी होऊ दे, लग्न होऊ दे, असं चालतं. त्यात बाईमाणसाचा नंबर शेवटी. "म्हातारीला आता काय वाचायचंय?" म्हणतात. तिला वाचायचं नसेल. पण सरपणातला साप, तांदळातला खडा, पदराजवळ आलेला जाळ तिलाच बघायचा असतो. तुमच्या घरात कुणी भिंत चाचपत चालत असेल, तर त्याला पुढच्या सुगीपर्यंत थांबवू नका.