तसबिरीच्या तळाची ओळ

आजची गोष्ट अमळनेरची, माझ्या आत्याच्या देवघरातली. भिंतीवर लक्ष्मीची तसबीर. कमळावर उभी, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. साडीवर कुणीतरी हौसेने खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या. घर पाडायचं ठरलं तेव्हा जुन्या वस्तू घेणारा एक जण आला. म्हणाला, "कॅलेंडरचं चित्र आहे हो, पैसे फक्त सागवानी फ्रेमचे." घरात मात्र पिढ्यानपिढ्या एकच सांगणं: रविवर्मांची प्रेस निघाली त्याच वर्षी पणजोबांनी मुंबईहून आणलेली! आत्याचा मला फोन: "हाऊ फोटू कितला जुना शे, तेवढं पाहीसन सांग."

आधी थोडा इतिहास. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढली. भाऊ सी. राजराजा वर्मा कारभार बघायचे. मशिनरी आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. चित्रं घरोघर पोचली, पण प्रेस कर्जात बुडाली. त्यात मुंबईत प्लेग. १८९९ मध्ये बिऱ्हाड हललं ते लोणावळ्याजवळच्या मळवलीला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने ती विकत घेतली. छपाई कित्येक दशकं चालू राहिली. १९७२ च्या आगीत कारखाना जळाला.

आता मोबाईल काढा. कॅमेरा चित्राजवळ न्या, झूम करा. ऑफसेटच्या छपाईत चार रंगांचे ठिपके एकसारख्या जाळीत, छोट्या फुलांसारखे बसलेले दिसतात. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एका चित्राला दहा-बारा, कधी जास्तही. त्या दगडांवरचे ठिपके कारागिराने हाताने दिलेले, म्हणून वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ. एखादा दगड केसभर सरकला की ओठांचा लाल रंग रेषेबाहेर सांडतो. आमच्या लक्ष्मीचा सांडला होता! म्हणजे कॅलेंडरवाली थिअरी गेली.

पण साल? तेच दगड पुन्हापुन्हा वापरायचे, त्यामुळे चित्र कधी रंगवलं यावरून छपाईचं साल ठरत नाही. बघायची ती तळाची बारीक ओळ, प्रेसच्या नाव-पत्त्याची. अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटातून बेसबॉल खेळाडूंची कार्डं निघायची. १९०९ ते १९११ च्या टी-२०६ मालिकेत पुढचं चित्र तेच, मागे सिगारेटचा ब्रँड वेगळा. शौकीन लोक त्यावरून छपाईचा काळ लावतात. आपल्याकडे ते काम हा पत्ता करतो. गंमत अशी, की फ्रेमवाले नेमकी हीच पट्टी कापायचे, नाहीतर चौकटीखाली दाबायचे.

आमची दाबलेली होती. मागचे खिळे काढताना माझा हात थरथरत होता, कारण कागद पापडासारखा झालेला. आत्या शेजारी उभी. चौकट सुटली, ओळ दिसली: मळवली-लोणावळा.

म्हणजे १८९४ नाही. १८९९ च्या नंतरचीच, कदाचित खूप नंतरची. पणजोबांची गोष्ट काही टिकली नाही. मला वाटलं आत्या खट्टू होईल. ती क्षणभर गप्प बसली, मग म्हणाली, "मग जर आमच्या आजीनेच लावलेली असणार." जरीवरून बोट फिरवलं आणि खाली बसलेल्या त्या माणसाला चहा विचारायला गेली.

तसबीर विकली नाही. नवी फ्रेम जरा मोठी करून घेतली, ती ओळ दिसेल अशी.