एग बेट : जनरेटरची बदललेली जागा

१/ स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील एग बेटावर राष्ट्रीय ग्रिडची वीज कधीच पोहोचली नाही. अनेक घरे स्वतःच्या डिझेल जनरेटरवर विसंबून होती. १९९७ मध्ये रहिवाशांच्या पुढाकाराने बेट खासगी मालकाकडून विकत घेतले गेले. पुढचा प्रश्न विजेचा होता.

२/ फेब्रुवारी २००८ मध्ये पाणी, वारा व सूर्य यांची वीज एकाच जाळ्यात आली. बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर त्याच्या केंद्रस्थानी होते.

३/ जनरेटर मात्र हद्दपार झाला नाही. तो सामाईक राखीव झाला. बॅटऱ्या उतरल्या की तो सुरू होतो. व्होल्टेज, वारंवारता व फेज जुळल्यावरच तो जाळ्याला जोडला जातो, घरांना वीज पुरवतो आणि बॅटऱ्याही भरतो.

४/ प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॅटचीच मर्यादा आहे. डिझेलची गरज क्वचित भासते, त्यामागे हा संयमही आहे.