साठेखत हातोहात

माझ्या मामूंकडे जुन्या दस्तांची एक कापडी पिशवी होती. तीत इसार पावत्याही असत. 'इसार' हा शब्द मला लहानपणी खटके. उर्दूत 'ईसार' म्हणजे दुसऱ्यासाठी केलेला त्याग; आणि इथं तर जो तो आपला सौदा पक्का व्हावा म्हणून इसार देतोय!

१९८४ साली मामूंनी एका मध्यस्थाकडून प्लॉटचं साठेखतच विकत घेतलं. प्लॉट नव्हे, साठेखत. भाव चढला की तेही ते पुढं कुणाला देणार होते.

असे सौदे जुनेच. अमेरिकेतल्या यादवीत कापूस महागला, मुंबईत पैसा खेळू लागला आणि समुद्र हटवून जी जमीन निघायची होती, त्या बॅक बे कंपनीच्या शेअरांवर मुदतीचे सौदे झाले. १ जुलै १८६५ ही मुदत भरली तेव्हा अनेकांच्या हाती नुसता कागद उरला.

पुढं १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं कलम ५४मध्ये स्पष्टच सांगितलं, की नुसत्या विक्रीच्या करारानं मिळकतीत हक्क उत्पन्न होत नाही. मिळतो तो खरेदीखत मागण्याचा हक्क. तो दुसऱ्याला देता येतो का? मद्रास इलाख्यातल्या, विकलेली जमीन परत खरेदी करण्याच्या एका करारावर प्रिव्ही कौन्सिलनं १९२८ साली 'येतो' म्हटलं. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं तागाच्या एका खटल्यात त्याची दुसरी बाजू मांडली : करारातला लाभ सोपवता येतो, देणं मात्र समोरच्याच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. शिवाय करारातच मनाई असेल तर लाभही अडतो.

मामूंच्या साठेखतात शेवटच्या पानावर तशी मनाई होती. त्यांनी ती वाचली मालकानं नकार दिल्यावर. वकिलांनी १९६३च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम १५ उघडलं. मनाई असली तरी दोन वाटा होत्या : मध्यस्थानं आपल्या वाट्याचं सगळं आधीच पुरं केलेलं असावं, नाहीतर मालकानं मामूंकडून पूर्तता स्वीकारलेली असावी.

"मालकाला काही दिलंत?" वकिलांनी विचारलं.

मामूंनी एक हप्ता दिला होता. पण मध्यस्थाच्या हाती. त्याची पावती अजून त्या पिशवीत आहे.