रक्ताची गुठळी आणि अर्धांगवायु

अर्धांगवायूचा झटका बाहेरून पाहणाऱ्यास एकाच रूपाचा दिसतो. हातांतील पेला गळून पडतो, तोंड वांकडें होतें, बोबडी वळते. प्राचीन ग्रीक वैद्यांनीं या व्याधीस दिलेल्या नांवाचा अर्थ तडाख्यानें कोसळणें असा आहे. आयुर्वेदानें ती वातव्याधींत घातली, आणि मराठींत तो 'वायु' अद्यापि तिच्या नांवाला चिकटून आहे. वस्तुतः दोष वाऱ्याचा नव्हे, रक्ताचा. आणि तोही परस्परविरुद्ध अशा दोन प्रकारचा. कोणाच्या मेंदूंतील धमनी फुटून रक्त सांडतें, तर कोणाच्या धमनींत गुठळी अडकून पलीकडचा भाग उपाशी राहतो. एकाचें रक्त थांबवावयाचें, दुसऱ्याचें वाहतें करावयाचें. युरोपांतील वैद्य मात्र अनेक शतकें हा भेद न जाणतां दोघांचीही शीर तोडून रक्त काढीत असत!

स्वित्झर्लंडांतील शाफहाउझेन येथील योहान याकोब वेप्फर यानें १६५८ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. झटक्यानें मृत झालेल्यांचीं शवें चिरून त्यानें मेंदूंत सांडलेलें रक्त प्रत्यक्ष पाहिलें, आणि रक्ताची वाट बुजल्यानेंही हीच दशा होऊं शकेल असें प्रतिपादिलें. पण वाट बुजविणारी गुठळी येते कोठून? याचें उत्तर मिळावयास जवळजवळ दोनशें वर्षें लागलीं. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयांतील तरुण डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यानें १८४६ पासून पुढील दहा वर्षांत हें कोडें उलगडलें. फुप्फुसांत सांपडणाऱ्या गुठळ्या बहुधा तेथें जन्मलेल्या नसून दूरच्या शिरांतून वाहत आलेल्या असतात, हें त्यानें दाखविलें. कुत्र्यांच्या शिरेंत रबराचे तुकडे सोडून ते फुप्फुसांत अडकतात हेंही पाहिलें. हृदयाच्या डाव्या बाजूस धरलेली गुठळी याच न्यायानें मेंदूकडे जाते. हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्यांस अर्धांगवायूचें भय अधिक कां, याचें मर्म येथेंच आहे.

तथापि गुठळी दिसे ती मरणानंतर. जिवंत माणसाच्या रक्तांत तिची खूण शोधावयाची, तर रक्त साखळतें कसें हें आधीं कळावयास हवें होतें. रक्तांत विरघळलेल्या फायब्रिनोजेन या द्रव्याचे फायब्रिन नांवाचे तंतु बनतात व त्यांचें जाळें विणलें जातें. हें जाळें पक्कें करणारें आणखी एक द्रव्य रक्तांत असलें पाहिजे, असें काल्मान लाकी व लास्लो लोरांड या हंगेरियन शास्त्रज्ञांनीं १९४८ सालीं दाखविलें. तें द्रव्य शेजारच्या तंतूंना गांठी मारतें. पुढें शरीर स्वतःच प्लास्मिन या द्रव्यानें जाळें कापूं लागतें. परंतु कोळ्याचें जाळें कापलें तरी त्याच्या गांठी जशा सुटत नाहींत, तशाच या गांठी अखंड राहून रक्तांत वाहूं लागतात. हेंच डी-डायमर. विशिष्ट प्रतिपिंडांच्या साह्यानें तें मोजण्याची रीत १९८३ सालीं प्रसिद्ध झाली.

अर्धांगवायूच्या रोग्यांत हें मापन करतां असें आढळलें कीं, झटका जितका तीव्र व मेंदूची हानि जितकी विस्तृत, तितकें डी-डायमरचें प्रमाण सामान्यतः अधिक. गुठळी हृदयांतून आलेली असल्यास तें विशेषच वाढलेलें असतें. येथें मात्र सावधगिरी हवी. जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, गर्भारपण, कर्करोग, फार काय, नुसतें वार्धक्यदेखील हा आंकडा वाढवितें. शिवाय मेंदूंत रक्तस्राव झाला असतांही तो चढूं शकतो. म्हणजे ज्या भेदावर रोग्याचें जीवित अवलंबून, नेमका तोच हा साक्षीदार सांगूं शकत नाहीं.

तो भेद सांगितला यंत्रानें. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. स्कॅन यंत्रानें १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयांत पहिल्या रोग्याचा मेंदू पाहिला, आणि सांडलेलें रक्त जिवंतपणीं दिसूं लागलें. १९९५ सालीं अमेरिकेंत ६२४ रोग्यांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष आला: झटक्यापासून तीन तासांच्या आंत गुठळी विरघळविणारें औषध दिल्यास अपंगत्व कमी होतें. त्याच औषधानें १०० पैकीं सुमारें ६ जणांच्या मेंदूंत घातक किंवा त्रासदायक रक्तस्राव झाला. औषध न दिलेल्यांत हें प्रमाण एकाहूनही कमी होतें. पुढें २००८ सालच्या प्रयोगानें ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. म्हणून आज रुग्णालयांत रोगी येतांच आधीं स्कॅन व रक्तांतील साखर पाहतात. डी-डायमरच्या उत्तरासाठीं औषध अडवून धरीत नाहींत. तें मागाहून येतें, आणि फार चढलेलें आढळलें तर डॉक्टर रोग्याचें हृदय अधिक कसून तपासतात, शरीरांत कोठें कर्करोग दडला आहे कीं काय हेंही शोधतात.