महाडचं ऊन आणि टेरिकॉटची पँट

मार्च उजाडला की दोन गोष्टी ठरलेल्या. ऑफिसात अप्रेझलची कुजबूज सुरू होते, आणि कुठल्यातरी ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "एवढ्या उन्हात पोरांना गणवेशाची सक्ती कशाला?" त्यावर सगळ्यांचं एकमत व्हायला पाच मिनिटं पुरतात. टाय काढा, बूट काढा, घरचं काहीतरी सुती घालून येऊ द्या. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असला 'क्विक फिक्स' फार आवडतो. एक ओळ बदलली, बग गेला, चला चहाला!

माझं आजोळ महाडजवळचं. त्यामुळे कुठलाही प्रश्न समोर आला की मी तो आधी महाड-पोलादपूरच्या नकाशावर ठेवून बघतो. या वीकेंडला गणवेशाचा प्रश्न तसा ठेवला, आणि त्याला एकातून एक पदर सुटत गेले. जरा लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

आधी ऊन. कोकण म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मंडळींना समुद्र, नारळ आणि खारा वारा आठवतो. महाड-पोलादपूर त्या कोकणात नाही. हे सावित्रीचं खोरं. आजूबाजूला डोंगर, आणि पोलादपूरच्या तर डोक्यावर थेट महाबळेश्वर. समुद्राचा वारा इथवर पोचेपर्यंत दमून जातो. मार्चमध्ये वारं पूर्वेकडून सुटलं की तो येतच नाही. त्याच्या जागी देशावरची तापलेली हवा घाट उतरून खाली येते, आणि उतरताना दाबली जाऊन आणखी तापते. २८ मार्च २०१७ ला रायगड जिल्ह्यातल्याच भिऱ्याला ४६.५ अंशांची नोंद झाली होती. देशभर बातम्या झाल्या होत्या, आठवत असेल. तारीख बघा: मार्च. मे नव्हे. उन्हाळ्याची सुटी लागते मे महिन्यात, आणि उन्हाचा पहिला तडाखा बसतो तो शाळा भरलेली असताना.

शिवाय कोकणातलं ऊन नुसत्या आकड्यावरून कळत नाही. हवामान खातं सपाट प्रदेशात ४० अंशांच्या पुढे उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, पण किनारपट्टीला ३७ अंशांपासूनच (सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तर). हवा दमट असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. हा घामाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सरकार काय म्हणतं? मे २०२२ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शाळांना सूचना पाठवल्या. टायची सक्ती शिथिल करा, चामड्याच्या बुटांऐवजी कॅनव्हासचे चालू द्या, कपडे सैल, फिकट रंगाचे, सुती असू द्या, आणि शर्ट शक्यतो पूर्ण बाह्यांचा असावा. सूचना चांगल्याच आहेत. पण पोलादपूरच्या एखाद्या वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हा कागद वाचला तर पहिला प्रश्न येईल, "कसला टाय?" टाय-बुटांचा उकाडा आहे तो इंग्रजी माध्यमाच्या शाळांना. तिथे तो काढावा, आजच काढावा, त्यावर वाद घालण्यात वेळ का घालवा? माझं लक्ष आहे ते बाकीच्या मुलांवर, ज्यांच्या अंगावर काढण्यासारखं काही नाही. एक शर्ट आणि एक पँट, नाहीतर स्कर्ट. बस्स.

आता थोडं मागे जाऊ.

शाळेचा गणवेश ही मुळात गोरगरिबांची गोष्ट. लंडनला सोळाव्या शतकाच्या मध्यावर ख्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची शाळा निघाली, अनाथ आणि गरीब मुलांसाठी. त्यांना दानात मिळाले लांब निळे कोट. ती मुलं ओळखू यावीत म्हणूनही असेल, पण अंग झाकलं गेलं हे खरं. (ती शाळा आजही आहे आणि मुलं आजही तोच कोट घालतात.) आपल्याकडची खाकी चड्डी मात्र तिथून आली नाही, ती आली फौजेतून. आणि गंमत म्हणजे खाकीचा जन्मच मुळी उन्हात गणवेशाला दिलेल्या सवलतीतून झाला! १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेनने 'गाइड्स' नावाची पलटण उभी केली. बाकीचे गोरे सोल्जर लाल कोटात शिजत होते, याने आपल्या शिपायांना मातकट रंगाचे सैल कपडे दिले. खाक म्हणजे धूळ, म्हणून खाकी. पुढे अख्ख्या ब्रिटिश फौजेने ते उचललं, फौजेकडून पोलिसांनी, आणि होता होता ते शाळेत पोचलं. पांढरा शर्ट, खाकी ड्रिलची हाफ पँट. सगळं सुती, सगळं सैल.

फौजेचा विषय निघालाच आहे तर महाडजवळच्या दासगावला थांबलं पाहिजे. पलटणीतून निवृत्त झालेल्या महार शिपायांची तिथे वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. पेन्शन घेऊन आल्यावर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लिहायला सुरुवात केली, १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' छापलं. याच दासगावच्या परिसरात वाढलेला एक मुलगा, रामचंद्र बाबाजी मोरे, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात महाडच्या इंग्रजी शाळेत गेला. त्याला प्रवेश नाकारला. पोराने सरळ वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. मग शाळेने घेतलं, पण वेगळं बसवून. हेच मोरे पुढे १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या आखणीत पुढे होते.

१९ आणि २० मार्च १९२७, चवदार तळं. (पुन्हा मार्च!) ते आपण सगळे शाळेत शिकलोय. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तेही शिकलोय. पण त्या डिसेंबरच्या परिषदेत आणखी एक गोष्ट झाली, जी माझ्या पुस्तकात तरी नव्हती. बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांशी वेगळं बोलणं केलं, आणि त्यात कपड्यांचा विषय काढला. अस्पृश्य बाई नुसती बघूनही ओळखू यायची: लुगडं गुडघ्याशी आखूड नेसलेलं, गळ्यात माळा, हातभर कथलाचे-चांदीचे दागिने. ही ओळख टाका, लुगडं इतर बायका नेसतात तसं घोट्यापर्यंत नेसा, असं त्यांनी सांगितलं. आणि बायकांनी ते ऐकलं, तिथल्या तिथे. परिषदेहून परतताना कित्येकजणी लुगडं नव्या पद्धतीने नेसून गेल्या.

आता याच्याकडे नुसतं थर्मामीटर घेऊन बघा. आखूड लुगडं उन्हात बरं, शेतात बरं, चिखलात तर फारच बरं. घोट्यापर्यंतच्या लुगड्यात उकडतं, पायात येतं. ज्यांनी ते नेसलं त्यांना हे कळत नव्हतं का? आपल्यापेक्षा जास्त कळत होतं, उन्हात राबणाऱ्या त्याच होत्या. तरी नेसलं. कारण आखूड लुगडं त्यांनी सोयीसाठी निवडलेलं नव्हतं, तो दुसऱ्यांनी घातलेला नियम होता.

म्हणून मला ते "घरचं काहीतरी घालून येऊ द्या" खटकतं. आपल्या मुलांकडे घरचं काहीतरी म्हणजे कपाटभर असतं. वाडीवरच्या पोराकडे घरचं म्हणजे काय असतं? बऱ्याचदा गणवेश हाच त्याच्याकडचा सगळ्यात धड कपडा, लग्नकार्यालाही तोच. कुठल्या घरातलं पोर आहे ते वर्गात पाऊल टाकताक्षणी कपड्यावरून कळू नये, एवढं एक काम हा गणवेश करतो. सूट देताना ते काम मोडता कामा नये.

मग उकडतं कशाने? माझ्या मते कापडाने.

खाकी ड्रिल आणि पांढरा मांजरपाट गेला, आणि आलं टेरिकॉट. ही गोष्ट महाडकरांच्या घरातली आहे. महाड-पोलादपूरच्या गावागावांतून माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्या गिरण्या सुतावर चालत. साठ-सत्तरच्या दशकात टेरिलीन आलं आणि टेरिकॉटचा शर्ट ही ऐट झाली. चुरगळत नाही, विटत नाही, रात्री धुतला की सकाळी तयार. चाकरमानी गावी येताना टेरिकॉटचं पीस आणायचे ते कौतुकाने. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, आणि कित्येक घरं पुन्हा गावाकडे आली. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यांना वाट मोकळी करून दिली. ऐटीचं कापड हळूहळू सगळ्यात स्वस्त कापड झालं, आणि स्वस्त झाल्यावर ते शाळेत आलं.

आता तो घामाचा मुद्दा. साधारण दमट हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी सहज धरतो. पॉलिएस्टर धरतं जेमतेम ०.४ टक्के. म्हणजे घाम अंगावरच चिकटून राहतो. "पण जिमचा टी-शर्ट पॉलिएस्टरचाच असतो की!" असतो. त्याची वीण सैल असते, घाम पसरून वाळावा असं ते कापड मुद्दाम बनवलेलं असतं. गणवेशाच्या पँटचं कापड घट्ट विणीचं, जाड, वर्षभर टिकावं म्हणून बनवलेलं. त्यात भर दुपारी पत्र्याच्या छपराखाली बसून बघा.

तरी आयांना टेरिकॉटच हवं असतं, आणि ते त्यांचं चुकत नाही. इस्त्री लागत नाही. गरिबाच्या पोराचा शर्टही कडक दिसतो. आणि महाडचा पाऊस! वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर. २२ जुलै २०२१ चा पूर तर सगळ्यांना माहीत आहे. जुलैमध्ये सुती पँट तीन दिवस वाळत नाही, चौथ्या दिवशी तिला वास येतो. तिथे पॉलिएस्टर हेच बरोबर उत्तर. म्हणजे एकच कापड जुलैत बरोबर आणि मार्चमध्ये चूक.

बरं, वेळेचा उपाय झालाय. सकाळची शाळा ही आपल्याकडची जुनीच रीत. २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या वर्गांना मुलांची झोप व्हावी म्हणून सकाळी नऊच्या आधी शाळा नको असं ठरलं, आणि मार्च २०२५ च्या अखेरीस उन्हामुळे सगळ्या शाळा सकाळी सातला भरवायला सांगितल्या, प्राथमिक ११.१५ पर्यंत, माध्यमिक ११.४५ पर्यंत. त्याच वर्षी परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या, ते वेगळंच! असो. पण शाळा सव्वाअकराला सुटली तरी वाडीवरचं पोर चढण चढून घरी पोचतं ते डोक्यावर ऊन घेऊनच. वर्गातल्या उकाड्याला सकाळची शाळा पुरते, चालत जायच्या वाटेला पुरत नाही. तिथे कपडाच कामाला येतो.

मध्यंतरी राज्याने सगळ्यांसाठी एकच उत्तर काढून बघितलं. 'एक राज्य एक गणवेश'. २०२४-२५ ला कापड वरून खरेदी केलं, शिलाई बचत गटांना दिली. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तरी ठिकठिकाणी गणवेश पोचले नव्हते, पोचले ते मापाचे नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये खरेदीचा अधिकार परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. अख्ख्या राज्यासाठी एकच बिल्ड काढून सगळीकडे डिप्लॉय केलं की काय होतं ते आपल्याला ऑफिसात रोज दिसतं. नागपूरचं ऊन कोरडं, महाडचं दमट. गडचिरोलीचा पाऊस वेगळा, पोलादपूरचा वेगळा.

माझं म्हणणं एवढंच आहे. समग्र शिक्षा योजनेतून पात्र मुलांना दोन संच मिळतात, दोन्हींचे मिळून ६०० रुपये धरून. संच दोन आहेतच, मग दोन्ही एकाच कापडाचे कशाला? एक पावसाळ्याचा, टेरिकॉटचा. दुसरा ऑक्टोबरचा आणि मार्च-एप्रिलचा, पातळ सुती, सैल, पूर्ण बाह्यांचा. रंग तोच. तीनशे रुपयांत शिलाईसकट सुती कपडा बसवणं अवघड आहे, रक्कम वाढवावी लागेल. आणि सूट द्यायचीच तर सुरकुत्यांना द्या. सुती शर्ट चुरगळणारच. चुरगळलेल्या शर्टावरून रांगेतून बाहेर काढणार नाही, एवढं शाळेने सांगितलं तरी अर्धं काम झालं.

आणि सुरुवात मास्तरांपासून झाली तर बरं. जपानमध्ये २००५ ला 'कूल बिझ' आलं तेव्हा आधी मंत्र्यांनी टाय-कोट काढले, मग ऑफिसातल्या माणसांना धीर आला. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये, म्हणजे पुन्हा नेमक्या उन्हात, शिक्षकांच्या पेहरावाचे नियम आले: जीन्स-टी-शर्ट नको, शर्ट खोचलेला हवा. खोचलेल्या शर्टातला घामेजलेला मास्तर पोरांना सैल कपडे घाला म्हणून सांगणार तरी कसा!

हे ठरवायला मंत्रालयापर्यंत जायची गरज नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. अडचण एकच. कापड घेतात जूनच्या सुमाराला. तेव्हा बाहेर धो धो पाऊस असतो, आणि मार्चचं ऊन कुणाच्या डोक्यातही नसतं. म्हणून ही सभा एप्रिलमध्ये घ्यावी, शाळा सुटल्यावर बाराच्या ठोक्याला, आणि दोन्ही कापडांचे नमुने त्या बायकांच्या हातात द्यावेत.