पाठीत जखम, डोक्यात हवा : न्यूमोसेफॅलस म्हणजे काय?

चाकू लागला पाठीत आणि दुखतंय डोकं, असं रुग्णाने सांगितलं तर घरच्यांना वाटतं, घाबरल्यामुळे होत असेल. पण मणक्याच्या आत गेलेल्या जखमेतून हवा शिरून डोक्यापर्यंत पोहोचू शकते. कवटीतल्या अशा हवेला 'न्यूमोसेफॅलस' आणि मणक्याच्या नळीतल्या हवेला 'न्यूमोरॅकिस' म्हणतात. हे क्वचितच घडतं, पण माहीत असलेलं बरं.

हवा वर कशी जाते?
मेंदू आणि मज्जारज्जू एकाच सलग आवरणात असतात. त्याला ड्युरा म्हणतात. आत पाण्यासारखा द्रव असतो, मोठ्या माणसात साधारण १५० मिली. चाकू, सळई किंवा गोळीने ड्युरा फाटला की हा द्रव गळू लागतो. बाटली उलटी केली की पाणी खाली येतं आणि बुडबुडे वर जातात, तसंच इथे होतं. रुग्ण उठून बसला की हवा वर सरकते.

हा रस्ता डॉक्टरांना जुनाच माहीत आहे. १९१९ मध्ये अमेरिकेतले सर्जन वॉल्टर डँडी यांनी कमरेत सुई घालून हवा सोडायची आणि मेंदूचा एक्स-रे काढायचा, अशी तपासणी मांडली. त्यात रुग्णांचं डोकं फार दुखायचं. १९७० च्या दशकात सीटी स्कॅन आल्यावर ती मागे पडली.

लक्षणं
डोकेदुखी, उलट्या, गुंगी, कधी फिट येणे. जखमेतून पाण्यासारखा द्रव येत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. ताप आणि मान आखडणे ही मेंदूज्वराची खूण असू शकते.

इलाज
निदान सीटी स्कॅनने होतं. थोडी हवा असेल तर रुग्णाला झोपवून ठेवतात, ऑक्सिजन देतात आणि ती काही दिवसांत आपोआप शोषली जाते. गळती थांबली नाही तर ऑपरेशन करून ड्युरा शिवावा लागतो. हवेचा मेंदूवर दाब वाढला तर मात्र जीवाला धोका असतो, ती तातडीने काढावी लागते.

आपण काय करावं?
रुतलेला चाकू किंवा सळई ओढून काढू नका. पाणी पाजायला रुग्णाला उठवून बसवू नका. वाहणारं रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि १०८ ला फोन लावा. जखम लहान दिसते म्हणून फक्त टाके घालून घरी आणू नका. नंतर डोकं दुखू लागलं तर "पाठीत जखम झाली होती" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.